रवली आहे

घरी येऊन हात धुवायला नळाखाली धरणार, तेवढ्यात उजव्या बाहीला काहीतरी चिकटलेलं दिसलं. वाळलेल्या हळकुंडासारखा रंग आणि अंगठ्याच्या नखाएवढा आकार. झटकणारच होते, पण त्यावर अक्षरं होती. ओल्या हातानं धरलं असतं तर विरघळलंच असतं, म्हणून हात पदराला पुसले, खिडकीशी गेले, चष्मा लावला. छापील अक्षरं, जुन्या वळणाची, जरा ठसठशीत. ‘रवली आहे. आणून’. एवढंच. मागच्या बाजूला मजकूर नव्हता, एक उभी रेघ होती फक्त, जाहिरातीच्या चौकटीची असते तशी. सकाळी वाचनालयात बसून एका साप्ताहिकाची १९३० नंतरच्या काही वर्षांची बांधीव फाईल चाळली होती, त्यातलाच हा तुकडा. तिथला मुलगा दर थोड्या वेळानं सांगत होता, “मावशी, पान उलटताना खालनं हात घाला, वरनं धरला की मोडतंय.” मी खालूनच हात घालत होते. तरी पानं कडेनं पापडासारखी मोडत होती, टेबलावर पिवळा भुगा साठत होता, आणि त्यातलाच एक कण माझ्याबरोबर केएमटीच्या बसमध्ये बसून घरापर्यंत आला होता.

‘ह’ गेला होता, पण शब्द कळत होता. हरवली आहे. आणून देणारास योग्य बक्षीस, असं पुढे असणार. काय हरवली होती, ते मात्र त्या तुकड्यावर नव्हतं. जे हरवलं ती ‘ती’ होती, एवढं क्रियापदानं सांगितलं. अंगठी, नथ, पेटी, छत्री, हुंडी, पावती, शेळी, म्हैस. मी स्वयंपाक करता करता एकेक शब्द त्या तुकड्यामागे लावून बघत होते. भाकरी थापताना हात एकदम थांबला.

पोर असेल का?

तुकडा एका वहीत ठेवला आणि वही कपाटात. पण पुढचे चार-पाच दिवस दुसरं काही सुचेना. कुणाचं तरी काहीतरी हरवलं होतं, त्यांनी छापखान्यात जाऊन पैसे भरून ते छापून घेतलं होतं, आणि नव्वद वर्षांनी ती हाक माझ्या बाहीला चिकटून माझ्या घरात आली होती. तीही अर्धी.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातल्या दोन सकाळी मी जुनी वर्तमानपत्रं वाचत बसते. मला काही शोधायचं नसतं, संशोधन वगैरे तर नाहीच. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. तिथून एक साप्ताहिक निघायचं. आता ते साप्ताहिक नाही, तो छापखाना नाही, आण्णाही नाहीत. कोल्हापूर गाव पहिल्यांदा कागदावर कसं उमटलं असेल, कुणाच्या हातानं, हे बघावंसं वाटतं. त्या हातांत आण्णांसारखेच हात असणार म्हणून.

छापखान्याचा वास अजून नाकात आहे. शाई, रॉकेल आणि ओल्या कागदाच्या रिमांचा. शाळा सुटली की मी डबा द्यायला जायचे. आत गेलं की आधी छपाईच्या ट्रेडल यंत्राचा आवाज, खटाक्-धप्, खटाक्-धप्, मग डोळे त्या अंधाराला सरावले की आण्णा दिसायचे, केसींच्या, म्हणजे खिळ्यांच्या घराघरांच्या खोक्यांच्या, मध्ये उभे. इंग्रजीला दोन केसी पुरतात, मराठीला चार लागतात, हे ते पाहुण्यांना मुद्दाम सांगायचे, जसं काही मराठी त्यांनीच वाढवून ठेवली होती. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात घरं न बघता फिरतोय, काना या घरात, वेलांटी त्या घरात, पाय मोडलेला ‘र’ कोपऱ्यात. खिळा उलटा असतो, ओळ उलटी दिसते, आणि आण्णा ती तशीच वाचायचे. त्यामुळे त्यांना एक विलक्षण सवय लागली होती. मी पाटावर बसून पुस्तक वाचत असले की समोर जेवायला बसलेले आण्णा ते त्यांच्या बाजूनं, उलटं, माझ्या आधी वाचून संपवायचे. मी अडखळले की घास तोंडात असतानाच पुढचा शब्द सांगायचे.

एक गोष्ट त्यांनी मला पुन्हापुन्हा सांगितलेली. कोल्हापुरातल्या छापखान्यात सगळ्यांत आधी कुठला खिळा झिजत असेल, तर तो अर्धा ‘ल’. दर बातमीत कोल्हापूर, दर जाहिरातीत कोल्हापूर, आणि दर कोल्हापुराला एक अर्धा ‘ल’. अंक मोठा असला की घर रिकामं व्हायचं. मग ते संपादकांना जाऊन सांगायचे, आणि संपादक उरलेल्या मजकुरात ‘कोल्हापूर’ खोडून ‘करवीर’ करून द्यायचे. ‘करवीर’ला जोडाक्षर नाही. गावाला दोन नावं का आहेत, याची पुराणातली कारणं मी नंतर वाचली. पण लहानपणी मला खात्री होती की दुसरं नाव खिळे संपतात म्हणूनच ठेवलेलं आहे.

आणि एक धाक होता त्यांना, काना पडण्याचा. “वारले-चा काना पडला तर वरले हुतंय,” म्हणायचे. “मेलेल्या माणसाचं लगीन लागतंय बघ.” हे सांगताना ते हसायचे नाहीत.

कोल्हापुरात वाचणारी माणसं वर्तमानपत्रांच्या आधी आली. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं, तेव्हा त्याचं नाव नेटिव लायब्ररी होतं. मुंबईत ‘दर्पण’ निघून तेव्हा अठरा वर्षं झाली होती. म्हणजे मुंबईचा कागद घाट चढून इथं यायचा आणि इथली माणसं तो वाचायची. रेल्वे नव्हती. मिरजेपासून कोल्हापूरला गाडी आली ती १८९१ साली, शाहू महाराजांच्या वेळी. त्याआधीची बातमी टपालानं यायची, आणि टपाल पावसाळ्यात नदीकाठाला थांबायचं. मला ते चित्र फार आवडतं. एकजण मोठ्यानं वाचतोय, बाकीचे ऐकतायत, आणि वाचलेली बातमी केव्हाच शिळी झालेली आहे. तरी ऐकणाऱ्याला ती आजच घडतेय.

आणि मग या गावाची पहिली मोठी बातमी झाली, तीही पुण्यात छापली गेली. राजवाड्यात चौथे शिवाजी महाराज, वय अठरा-एकोणीस. त्यांचे हाल होतायत असं कोल्हापुरात लोक दाराआड बोलत होते. नुकत्याच निघालेल्या ‘केसरी’नं आणि ‘मराठा’नं दिवाण बर्व्यांवर उघड लिहिलं. खटला झाला. ज्या पत्रांच्या आधारावर लिहिलं होतं ती बनावट ठरली, आणि १८८२ साली टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात ते एकशे एक दिवस होते. दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात वारले, वीस वर्षांचे असताना. ही गोष्ट शाळेत आपण टिळक-आगरकरांची गोष्ट म्हणून शिकतो. मला ती वाचताना आता त्या पोराची गोष्ट वाटते. घरापासून लांब, गोऱ्या रखवालदारांच्या मध्ये, आणि त्याच्याविषयीचा खरा-खोटा मजकूर कुठल्या कुठल्या गावच्या छापखान्यांत जुळवला जातोय. खरी ओळ आणि खोटी ओळ, दोन्हींना खिळे तेच लागतात. आण्णांना मी एकदा हे विचारलं होतं. खोटं आहे असं कळलं तर तुम्ही जुळवता का? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आमच्या हातात कागद येतोय, पोरी. माणूस येत नाही.” तेव्हा मला ते उत्तर पटलं नव्हतं, आणि आजही पूर्ण पटत नाही. पण ते बोलताना त्यांनी स्टिक खाली ठेवली होती, हे आठवतं.

इथून निघालेल्या पत्रांची नावं मी एकदा वहीत एकाखाली एक लिहून काढली. आधीची नावं बघा, ‘ज्ञानसागर’, ‘विद्याविलास’. गुरुजींनी ठेवल्यासारखी. लोकांना शिकवायचं, शहाणं करायचं, अशा बेतानं निघालेली. राजाराम कॉलेजातले प्रा. विजापूरकर ‘ग्रंथमाला’ काढत होते ती १८९४ पासून, म्हणजे शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला त्याच वर्षापासून. पुढे त्यांचं ‘विश्ववृत्त’ निघालं, संपादक वामन मल्हार जोशी. वेदांतल्या प्रार्थनांवर त्यात एक लेख आला आणि सरकारला त्यात राजद्रोह दिसला. १९०८ची ती गोष्ट. वामनरावांनी तीन वर्षं तुरुंगात काढली. त्यानंतरची नावं वाचताना आवाज चढत गेलेला ऐकू येतो. खंडेराव बागलांचं ‘हंटर’, माधवराव बागलांचं ‘अखंड भारत’, बाळासाहेब पाटलांचं ‘सत्यवादी’, ग. गो. जाधवांचा ‘पुढारी’, जो १९३७ साली साप्ताहिक म्हणून निघाला आणि १९३९च्या जानेवारीपासून दैनिक झाला. सागर आणि विलास मागे पडले, हातात हंटर आला. पन्नास वर्षांत गावानं ऐकून घ्यायचं सोडून बोलायला सुरुवात केली, ती अशी नुसत्या नावांतून दिसते. बाप शिकला नव्हता, मुलगा शिकला होता, आणि मुलाला आता बापाच्या वतीनं भांडायचं होतं.

त्या सगळ्याच्या मुळाशी जो मजकूर आहे, तो मात्र कुठल्याच वर्तमानपत्राचा नाही. २६ जुलै १९०२चं करवीर सरकारचं गॅझेट. शाहू महाराज तेव्हा विलायतेत होते, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी गेलेले. आणि इकडे गॅझेटमध्ये हुकूम प्रसिद्ध झाला की दरबारच्या नोकरीत इथून पुढे ज्या जागा रिकाम्या होतील, त्यांतल्या शेकडा पन्नास मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवायच्या. त्या हुकुमावर किती लिहिलं गेलंय, आणि ते योग्यच आहे. मला मात्र नेहमी तो खिळे जुळवणारा आठवतो. त्याच्या हातात कागद आला असेल. जुलैचा महिना, बाहेर कोल्हापूरचा पाऊस, दिवसासुद्धा कंदील लावायला लागेल असा अंधार. त्यानं ‘पन्नास’ जुळवलं असेल, ‘प’, अर्धा ‘न’, पुरा ‘न’, काना, ‘स’. स्वतःची जात त्या यादीत बसते का, हे त्याच्या मनात आलं असेल का? की आण्णांसारखा तोही ओळ सरळ बसतेय का एवढंच बघत होता?

आणि ‘मूकनायक’. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ते मुंबईत काढलं, त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, आणि दोनच महिन्यांत, मार्चमध्ये, इथून जवळ माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. आपल्या गावच्या पैशानं दुसऱ्या गावात उमटलेल्या अक्षरांचा मला अभिमान वाटतो, आणि त्याच दमात एक टोचणीही लागते. मी चाळते त्या जुन्या फाईलींत, बाजारभाव, नाटकं, कुस्त्या, सभा, वाढदिवस, सगळं आहे. महारवाड्यातलं लग्न नाही. तिथला मृत्यू नाही. तिथलं हरवलेलं काही नाही. ज्यांचं रोज काही ना काही हरवत होतं, त्यांनी जाहिरात कुठं द्यायची?

जुन्या अंकांत मी बातम्या कमीच वाचते. मला शेवटचं पान आवडतं. ‘वर्गणी आगाऊ, टपालहंशिलासह’. ‘गुळाची आवक, रव्यांची संख्या, भाव’, रवा म्हणजे गुळाची ढेप. शाहूपुरीची पेठ १८९५ साली वसली ती गुळासाठी, आणि तिथला गुळाचा भाव हीच पुष्कळ वर्षं या गावाची खरी पहिल्या पानाची बातमी होती, छापली शेवटच्या पानावर तरी. खाली जाहीर खबरा. अमुक इसमाशी आमचा संबंध राहिलेला नाही. अमुक घर विकणे आहे. अमुक दुकानाचे उधारीदारांनी आठ दिवसांत पैसे आणून द्यावेत. एकेका ओळीत एकेक भांडण, एकेक दिवाळं. आणि त्या शेवटच्या पानावर बायका सापडतात. पहिल्या पानावर जवळजवळ नाहीतच. शेवटच्या पानावर त्या लग्नात असतात, मरणात असतात, कुणाच्या तरी सौ. म्हणून, कुणाच्या तरी मातोश्री म्हणून. नाहीतर हरवलेल्या असतात.

आईनं आण्णांना एकदा विचारलं होतं, “सगळ्या गावाची नावं जुळवतासा, माझं कधी छापलंसा?” मी दहा वर्षांची असेन. गुळाचा खडा तिच्या हातात होता. रोज कामावरून आल्यावर ती त्यांना गूळ द्यायची, शिसं पोटात राहत नाही म्हणायची. आण्णांनी खडा घेतला आणि काही बोलले नाहीत. चार दिवसांनी येताना त्यांनी खिशातून कागदाची एक पट्टी काढली. प्रूफ काढतात तशी, लांबट, कडेला शाईचा डाग. तिच्यावर मधोमध, मथळ्याच्या टाइपात, आईचं नाव. तिचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. लग्नानंतर कुणीच न उच्चारलेलं. खाली एक ओळ, बारीक टाइपात, ‘मुक्काम करवीर’. अर्धा ‘ल’ वाचवला होता त्यांनी. आईला वाचता येत नव्हतं. तिनं पट्टी हातात धरली, उलटी धरली, आणि आण्णा म्हणाले, “तशीबी बरोबर हाय. मी अशीच बघितली हुती.”

अंकात ते नाव कधी आलं नाही, येण्याचं कारणही नव्हतं. आई गेली तेव्हा आण्णांच्या साप्ताहिकात दोन ओळी आल्या, ‘आमच्या छापखान्यातील कामगार श्री. अमुक यांच्या पत्नी’ अशा. त्या ओळी आण्णांनी जुळवल्या नाहीत, दुसऱ्यानं जुळवल्या. पट्टी आईच्या ट्रंकेत होती. आण्णांचे जपून ठेवलेले अंकही त्याच ट्रंकेत, दर शुक्रवारचा पहिला अंक, ते स्वतः घरी आणायचे तो.

आमचं मंगळवार पेठेतलं घर विकलं तेव्हा ट्रंक ताईकडे शाहूपुरीत ठेवली. फ्लॅटमध्ये जागा नव्हती, असं मी म्हणाले. जागा करता आली असती. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर पंचावन्न फुटांच्या वर गेली, धोक्याची खूण त्रेचाळीसला आहे, आणि ताईच्या तळमजल्यावर खिडकीच्या गजांपर्यंत पाणी आलं. माणसं आधीच निघाली होती. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो. तो वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. भिंतींवर पाण्याची तपकिरी रेघ, फरशीवर घोटाभर गाळ, आणि ट्रंक कोपऱ्यात आडवी. झाकण उघडलं तर आत एकच एक ठोकळा होता. सगळे अंक एकमेकांत मुरून भिजवलेल्या पेंडीसारखे झालेले. मी वरचा थर बोटांनी काढून पाहिला. तेव्हा एक गोष्ट दिसली, ती अजून डोळ्यांपुढून जात नाही. अक्षरं गेली नव्हती. शाईच्या पेनानं लिहिलेलं सगळं पुसलं होतं, ताईचे हिशेब, आईच्या औषधांचे कागद, सगळं निळं पाणी. पण छापखान्याची शाई तेलाची. कागदाचा लगदा झाला होता आणि त्या लगद्यात काना, मात्रा, वेलांट्या काळ्याभोर होत्या. थरांमागून थर. आईचं नाव त्यात कुठेतरी होतंच.

“अगं टाक की,” ताई म्हणाली. “काय करतीस ठिऊन?” तिचं अख्खं घर रस्त्यावर पडलं होतं, गाद्या, कपाटं, फ्रिज, ताटं. गल्लीत दोन्ही बाजूंना तसेच ढीग. तिच्यापुढे कागदाचं नाव काढायची मला लाज वाटली. मी आणि भाच्यानं ट्रंक धरली आणि ढिगावर नेऊन उपडी केली. सकाळी महापालिकेचा डंपर आला. असे कागद वाळवता येतात, टिपकागद घालून, पान पान सोडवून, हे मला नंतर कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

म्हणून तो तुकडा मला फेकवेना.

वाचनालयातल्या त्या मुलाला एकदा विचारलं होतं की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा हातकागद अजून टिकून आहे आणि त्यानंतरचा वर्तमानपत्राचा कागद का मोडतो. त्यानं नीट समजावलं. आधीचा कागद चिंध्यांचा, ताग-कापसाचा. वर्तमानपत्राचा लाकडाच्या लगद्याचा. त्यात लाकडातलं जे राहून जातं, ते उजेडानं आणि हवेनं पिवळं पडतं, आम्ल होतं, आणि कागद आतूनच स्वतःला खात जातो. महायुद्धाच्या वर्षांत तर कागदाचं रेशनिंग, मिळेल त्या कागदावर छापायचं. त्या वर्षांच्या फाईली हातात धरवत नाहीत. रोज सकाळी त्या टेबलाखालून तो सुपलीभर भुगा काढतो. पहिल्या दिवशी त्यानं तो टाकताना मी बघितलं होतं, तेव्हा काही वाटलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मी वही पिशवीत घालून गेले. मुलाला तुकडा दाखवला. रागावेल असं वाटलं होतं. त्यानं तो चिमट्यानं उचलून पांढऱ्या कागदावर ठेवला, वाचला, आणि म्हणाला, “बसवून बघूया की, मावशी.” मग आम्ही दोघं ती फाईल घेऊन बसलो. पान पान, खालून हात घालून. फक्त शेवटची पानं बघायची, जिथं छोट्या जाहिराती आहेत आणि कडा तुटलेली आहे. दुपारचे दोन वाजले. एक म्हातारे गृहस्थ रोजचा पेपर वाचायला येतात, त्यांनीही आपली खुर्ची जवळ ओढली. पाठीमागे उभी रेघ हवी, ही खूण धरून आम्ही एकेक भोक तपासत होतो. मुलगा तुकडा चिमट्यात धरून पानावर नेत होता, श्वास रोखून.

दोन जागी तो बसला.

म्हणजे कडा इतक्या झिजल्या होत्या की नक्की जुळली असं कुठंच म्हणता येत नव्हतं, पण टाइप तोच, ओळ त्याच उंचीला, मागे तीच रेघ. एका अंकात त्या भोकाच्या वरच्या ओळीत शिल्लक होतं, ‘शिंगे मागे वळलेली, कपाळावर’. दुसऱ्या अंकात, सात महिन्यांनंतरच्या, वरच्या ओळीत होतं, ‘अंगात हिरवे परकर-पोलके’. आणि खाली, ‘देणारास’. पुढे दोन्हीकडे पान संपलेलं.

म्हातारे गृहस्थ म्हणाले, म्हशीचंच असणार. पोरीची जाहिरात कोण आणून द्या म्हणून देईल, पत्ता कळवा म्हणतील. मुलगा म्हणाला, तसं काही नाही, मी दुसऱ्या एका अंकात वाचलंय, पोरगा आणून देणारास दहा रुपये. मी काही बोलले नाही. मी त्या हिरव्या परकर-पोलक्याच्या ओळीकडे बघत होते. ‘पोलके’तला ‘ल’ जरा खाली बसला होता. जुळवणाऱ्याची ओळ हलली होती.

नंतरचे अंक आम्ही पाहिले. ती सापडल्याचं कुठं आलेलं नाही. म्हैस सापडल्याचंही नाही. सापडल्याची जाहिरात कोण देतंय?

मुलानं एक लिफाफा आणला, पातळ बटर पेपरचा. तुकडा आत सरकवला. मग पेन्सिल हातात घेऊन माझ्याकडे बघितलं. “कुठल्या अंकात ठेवू, मावशी?”

मी त्याला दोन्ही तारखा लिहायला सांगितल्या. त्यानं त्या लिहिल्या, एकाखाली एक, सावकाश, अक्षर नीट काढून. मग फाईल उघडून लिफाफा हिरव्या परकराच्या पानात ठेवला, आणि म्हशीच्या पानात एक चिठ्ठी घातली, की तुकडा तिकडे आहे.